जिला पुस्तकांनी निरोप दिला, ती रंगभूमी वैनगंगेकाठी रात्रभर गाते आहे

१/
मराठी संगीत नाटकाचा इतिहास बहुतेक पुस्तकांत एका ठरावीक वळणावर संपतो. १८८० चे 'शाकुंतल', मग बालगंधर्वांचा काळ, मग बोलपट आणि ओहोटी. पण भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांत आजही दिवाळीपासून होळीपर्यंत धान कापलेल्या शेतांत मंडप पडतात. रात्री दहाच्या सुमारास नाटक सुरू होते, नट स्वतः गातात, वाद्ये समोर वाजतात आणि प्रेक्षक पहाटे घरी जातात. तीही तिकीट काढून. ही रंगभूमी का टिकली, याविषयी हा थ्रेड.

२/
आपला मुक्काम गोसीखुर्द. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी. हे नाव बहुतेकांना धरणामुळे ठाऊक असते. धरणाकडे आपण शेवटी येऊच. आधी या प्रदेशाचे जुने नाव लक्षात घ्यावे : झाडी, किंवा झाडीपट्टी. महानुभाव वाङ्मयातही 'झाडी' भेटते. दाट अरण्य, त्यात खोदलेले तलाव आणि तलावांखाली धानाची बांधी, असा हा मुलूख. येथील नाटकाला म्हणूनच 'झाडीपट्टी रंगभूमी' म्हणतात.

३/
प्रथम पुण्या-मुंबईची बाजू थोडक्यात. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगले. त्यानंतरची चाळीस-पन्नास वर्षे गायक नट हाच मराठी रंगभूमीचा राजा होता. लोक कथानकासाठी कमी आणि पदांसाठी अधिक येत. 'वन्स मोअर'मुळे खेळ लांबत जाई आणि त्याचा कोणालाही खेद नसे.

४/
मग १९३१ मध्ये 'आलम आरा' आणि १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. शहरातील नाट्यगृहे चित्रपटगृहे होऊ लागली. खुद्द बालगंधर्व १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त पडद्यावर दिसले. पुढे साठच्या दशकात 'मत्स्यगंधा' आणि 'कट्यार काळजात घुसली' यांनी संगीत नाटकाला पुन्हा बहर आणला. परंतु तो एखाद्या उत्तम ऋतूसारखा होता. बारमाही पीक परत आले नाही.

५/
हा सारा वृत्तांत खरा आहे. प्रश्न एवढाच की तो कुणाचा आहे? तो रेल्वेच्या मोठ्या स्थानकांजवळील शहरांचा, पक्क्या नाट्यगृहांचा आणि वृत्तपत्रांत ज्यांची परीक्षणे छापून येत त्या मंडळींचा आहे. ज्या नाटकाला इमारत नव्हती, छापील संहिता क्वचितच होती आणि परीक्षण लिहिणारा कोणी नव्हता, ते या इतिहासात येणार तरी कोठून? साधनांची अनुपस्थिती आणि घटनेची अनुपस्थिती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा भेद सदैव जवळ बाळगावा.

६/
झाडीपट्टीत नाटक आले तेव्हा जमीन कोरी नव्हती. येथे दंडार होती. दिवाळीच्या सुमारास, पीक हाताशी आलेले असताना गावचे शेतकरीच नट होत, स्त्रीपात्रेही पुरुषच करीत, आणि गाणे, नाच, सोंग व संवाद उघड्यावर चालत. व्यवसाय म्हणून नव्हे, गावाची हौस म्हणून. साकोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडारीवर प्रदीर्घ काम केले आहे. या विषयात उतरू इच्छिणाऱ्याने तेथून आरंभ करावा.

७/
दुसरा प्रकार खडी गंमत. पश्चिम महाराष्ट्रातील तमाशाचे हे वैदर्भीय भावंड. 'खडी' म्हणजे उभी : कलावंत उभ्याने गातात आणि प्रेक्षक भोवती बसतात. शाहीर, ढोलकी, डफ, तुणतुणे आणि स्त्रीवेष घेतलेला नाच्या एवढा त्याचा संसार. गण, गवळण, लावणी, पोवाडा आणि कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब यांत रात्र सरते. भंडारा-नागपूरकडील गावांत शाहीर हा शब्द अजूनही नुसत्या गायकापेक्षा मोठ्या मानाने उच्चारला जातो.

८/
म्हणजे रात्रभर बसून गाणे ऐकण्याची सवय येथे संगीत नाटकाने लावलेली नाही. ती आधीपासून होती. किर्लोस्कर परंपरेचे नाटक नागपूरमार्गे या भागात पोचले तेव्हा त्याचे कलम याच जुन्या खोडावर झाले. नांदी, पदे आणि अंकांची रचना नाटकाकडून आली. लांब रात्र, विनोदी सोंग आणि प्रेक्षकांशी थेट बोलणे दंडार-गमतीकडून. ज्याला मूळ असते ते कलम वाऱ्याने सहसा पडत नाही. टिकण्याचे पहिले कारण हे.

९/
दुसरे कारण धान. या भागात पाऊस भरपूर, पण जुन्या शेतीत मुख्य पीक एकच. जून-जुलैत रोवणी, दिवाळीच्या आगेमागे हलक्या धानाची कापणी, नंतर भारी धानाची. मळणी आटोपली की हातात पैसा आणि पुढे रिकामे महिने. आकाश निरभ्र, थंडी सोसण्यासारखी, शेतातले पीक गेल्याने जागा मोकळी. नाटकाचा हंगाम दिवाळीला उघडतो आणि होळीला मिटतो, त्यामागे हे कृषिपंचांग आहे.

१०/
याच दिवसांत मंडई भरते. भाऊबीजेपासून गावोगावी ही जत्रा सुरू होते. गोवारींच्या ढाली निघतात, दुकाने लागतात, लेकी माहेरी आलेल्या असतात. पुढे हिवाळ्यात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. दिवसा पट पाहायला आलेला पाहुणा रात्री परत कोठे जाणार? त्याच्यासाठी नाटक. घरोघरी पाहुणे उतरतात, पंगती उठतात, मुला-मुलींच्या सोयरिकीची बोलणी निघतात. नाटक हे या सर्व व्यवहाराचे रात्रीचे अंग आहे.

११/
तिसरे कारण अर्थव्यवहार, आणि हे सर्वांत दुर्लक्षित. शहरी संगीत नाटक मंडळी स्वतः भांडवल घाली : नट पगारी, बिऱ्हाड मोठे, पडदे-पोशाख भारी, कर्ज डोक्यावर. चार खेळ पडले की कंपनी बुडे. गंधर्व नाटक मंडळींसारखी विख्यात संस्थाही कर्जातून सुटली नव्हती. झाडीपट्टीत जोखीम दोघांत वाटली जाते. नाटक कंपनी पुरवते. पण ते आणते, मंडप घालते आणि तिकिटे विकते ते गावचे नाट्यमंडळ.

१२/
गावातील पाच-पन्नास लोक मंडळ स्थापतात. वर्गणी काढून कंपनीला ठरलेली रक्कम देतात. तिकीटविक्रीतून शिल्लक राहिली तर ती मंडळाची, तूट आली तर तीही मंडळाची. एका गावाचा खेळ पडला तरी तूट पन्नास घरांत विभागली जाते, आणि कंपनी दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावी उभी असते. बोलपटाच्या लाटेत मोठी जहाजे बुडाली. या होड्या लहान आणि पुष्कळ होत्या, म्हणून तरल्या.

१३/
या व्यवस्थेची राजधानी वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज. गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील हे गाव. चारी जिल्ह्यांना सोयीचे, म्हणून नाट्यकंपन्यांची कार्यालये येथे थाटली गेली. हंगामापूर्वी गावोगावचे मंडळवाले येथे येतात, नाटकांची नावे आणि नटसंच पाहतात, तारीख ठरवतात आणि विसार देतात. पुण्या-मुंबईच्या नाट्यव्यवसायाशी संबंध न ठेवता उभी राहिलेली ही स्वतंत्र बाजारपेठ आहे.

१४/
येथे एक राजकीय वळणही ध्यानात घ्यावे. भंडारा मध्य प्रांतात होता आणि येथे मालगुजारी पद्धत होती. गावचा मालगुजार हा सण, जत्रा, खेळ यांचा स्वाभाविक आश्रयदाता असे. मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. एका पिढीत आश्रयदाता गेला आणि राजधानीही बदलली.

१५/
आश्रयदाता गेल्यावर दरबारी कला सुकतात, हा इतिहासातील नेहमीचा अनुभव. येथे तसे झाले नाही. वाड्यावरील एका माणसाची जागा मंडळाच्या वर्गणीने घेतली. खुर्च्यांच्या तिकिटाचा दर वेगळा, जमिनीवर बसणाऱ्यांचा वेगळा. पण तिकीट काढणारा प्रत्येक जण आश्रयदाता झाला. लोकशाहीचा हा एक छोटा आणि बराचसा अलिखित अध्याय आहे.

१६/
आता रंगमंच. शेतातील अथवा गावाबाहेरील मोकळी जागा निवडतात. भोवती कनात. अनेक ठिकाणी प्रेक्षकांच्या बाजूची जमीन खोदून ती खोलगट करतात आणि तीच माती रचून रंगमंच उंचावतात, म्हणजे मागच्यालाही दिसावे. रंगवलेले पडदे : राजवाडा, रस्ता, अरण्य, झोपडी. हंगाम संपला की पडदे गुंडाळले जातात आणि पुढच्या पावसात त्याच मातीत धान रोवले जाते. जगातील फार थोड्या नाट्यगृहांना असे भाग्य लाभले असेल.

१७/
आणि गाणे. रंगमंचालगत वादक बसतात : ऑर्गन किंवा हार्मोनियम, तबला, ढोलकी, अलीकडे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. नट स्वतः गातो. नांदीने आरंभ, मग नाट्यपदे, गवळण, कव्वाली, लावणी, प्रसंगी चित्रपटगीताची चाल. एक नट हंगामात अनेक नाटके करतो, तालमीला वेळ थोडा. म्हणून पडद्याआडच्या प्रॉम्प्टरवर भिस्त मोठी. संवाद आयत्या वेळी सांगता येतात. सूर मात्र कोणी आतून सांगू शकत नाही. गायक नटाची किंमत म्हणूनच टिकली.

१८/
भाषेचाही एक पदर आहे. झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो आणि 'ळ'चा बहुधा 'र' : पाणी ते पानी, डोळा तो डोरा. नाटकातील नायक-नायिका प्रमाण मराठीत बोलत आणि झाडीबोली येई ती विनोदी पात्राच्या तोंडी. संस्कृत नाटकात राजा संस्कृत आणि विदूषक प्राकृत बोले, त्याचीच ही दूरची छाया. पण प्रेक्षक सर्वांत मोठ्याने दाद देई ती याच पात्राला. त्या हसण्यात टवाळी किती आणि आपली बोली रंगमंचावर ऐकल्याचा आनंद किती, हे ठरवणे सोपे नाही.

१९/
एक तुलना. अमेरिकेत ग्रामीण गायकांचा असाच कार्यक्रम नॅशव्हिल शहरात १९२५ मध्ये रेडिओवरून सुरू झाला. पुढे तो 'ग्रँड ओल ऑप्री' म्हणून विख्यात झाला आणि १९४३ ते १९७४ या काळात रायमन सभागृहात भरत असे. ती वास्तू १८९२ ची, मुळात धर्मप्रवचनांसाठी बांधलेली. रेडिओमुळे डोंगराळ मुलखातील गायक साऱ्या देशाचा झाला. त्याच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे राहिली, म्हणून त्याचा इतिहासही लिहिला गेला.

२०/
आपल्याकडे आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले; पण रात्रभर चालणारे नाटक रेडिओच्या वेळापत्रकात कसे मावणार? झाडीपट्टीचा गायक प्रेक्षकासमोरच राहिला. याने दोन परिणाम झाले. त्याला ऐकायचे तर शेतातच यावे लागे, म्हणून प्रेक्षक टिकला. आणि त्याचा आवाज साठवला गेला नाही, म्हणून इतिहासात तो उरला नाही. एकाच कारणाने कला वाचली आणि तिची स्मृती बुडाली.

२१/
पवनीत या गोष्टीचा उलट पुरावा उभा आहे. १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जे. पी. जोशी यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथे उत्खनन केले आणि प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आले. स्तूपाच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. राजांची नव्हेत, दान देणाऱ्या साध्या उपासकांची. दोन हजार वर्षांपूर्वी कोणी वर्गणी दिली हे आपण वाचू शकतो. पन्नास वर्षांपूर्वी त्याच परिसरात रात्रभर कोण गायले, हे सांगायला मात्र फाटकी हस्तपत्रिकाही सापडणे कठीण.

२२/
आता धरण. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी झाली. जलाशयाला इंदिरा सागर नाव मिळाले. सुमारे अडीच लाख हेक्टर सिंचनाचे उद्दिष्ट. २००९ मध्ये याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. काम दशकानुदशके रेंगाळले, खर्च अनेक पटींनी वाढला आणि भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील कितीतरी गावांना जुनी गावठाणे सोडावी लागली. पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी आंदोलने झाली.

२३/
येथे एक सूक्ष्म मुद्दा. त्या वेळी लागू असलेला भूसंपादन कायदा १८९४ चा. तो जमिनीचा बाजारभाव मोजतो, उभे पीक मोजतो, झाडे मोजतो, बांधकाम मोजतो. नाटकाची जागा तो कशी मोजणार? तिला भिंत नाही, छप्पर नाही, सातबाऱ्यावर नोंद नाही. कागदोपत्री ते धानाचे साधे शेत. पण त्या शेताभोवती पाच-दहा गावांचे पाहुणे, सोयरिकी आणि मंडळाची वर्गणी असे जाळे विणलेले असते. गाव हलले की घराचे मूल्य मिळते. जाळ्याचे मिळत नाही.

२४/
आणखी एक विरोधाभास. धरणाचा हेतू सिंचन, आणि पाणी मिळालेच पाहिजे. कोरडवाहू धानाच्या भरवशावर जगणाऱ्या शेतकऱ्याला ते कोणी नाकारू नये. पण पाण्याबरोबर उन्हाळी धान येते. त्याची रोवणी जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे ऐन नाटकाच्या हंगामात. ज्या रिकाम्या महिन्यांवर ही रंगभूमी उभी होती, ते महिने कालव्याचे पाणी भरून टाकते. संस्कृतीचे भवितव्य कधी कधी पाटबंधाऱ्याच्या वेळापत्रकात लिहिलेले असते.

२५/
इतर धक्केही बसले. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या. पट बंद, म्हणून दिवसाची गर्दी बंद, म्हणून रात्रीच्या नाटकाला फटका. महाराष्ट्रात शर्यतींना पुन्हा अनुमती मिळाली ती डिसेंबर २०२१ मध्ये, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. मधल्या काळात करोनाने हंगाम बुडवले. शिवाय दोन अंकांच्या मध्ये ध्वनिमुद्रित गाण्यांवरील 'रेकॉर्डिंग डान्स' शिरला, त्यावर जुन्या रसिकांची नाराजी आहेच.

२६/
तरी ही रंगभूमी उभी आहे. २०२२ मध्ये तिच्यावर 'झॉलीवूड' हा चित्रपट आला. २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ विनोदी नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. ज्या विनोदी पात्राच्या तोंडी बोली घातली जाई, त्याच्याच वारसाला राष्ट्रपती भवनात सन्मान मिळाला. आनंद वाटावा अशीच ही घटना. पण सन्मान एका नावाला मिळतो. ऑर्गनवाला, तबलजी, पडदे रंगवणारा, प्रॉम्प्टर आणि वर्गणी मागत फिरणारे मंडळ यांची नोंद अजून व्हायची आहे.

२७/
सारांश. संगीत नाटक 'संपले' असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा एक विशिष्ट धंदा संपला, एवढेच आपल्याला म्हणता येते. मोठे भांडवल, पक्के नाट्यगृह आणि शहरी प्रेक्षक यांवरचा धंदा. गाणारे नाटक मात्र जेथे जुनी लोककला पायाशी होती, पिकाचे पंचांग सोबत होते आणि जोखीम वाटून घेणारे गाव होते तेथे जगले. पुढे ते जगेल की नाही, हे या तीन आधारांपैकी किती उरतात यावर ठरेल.

२८/
मित्रहो, आपल्यापैकी कोणी भंडारा, गोंदिया, गडचिरोली वा चंद्रपूरचे असाल तर एक विनंती. गावच्या मंडळाकडे जुनी हस्तपत्रिका, प्रॉम्प्टरची हस्तलिखित वही, हिशेबाची चोपडी किंवा एखादे छायाचित्र असेल तर त्याची प्रत काढून ठेवा. वर्ष, गाव, नाटकाचे नाव आणि गायकांची नावे मागे लिहा. पुनर्वसित गावांत हे काम आधी करा. आजोबांना विचारा : त्या रात्री पद कोणी गायले होते, आणि पेटीवर कोण होते? उत्तर वहीत उतरवून घ्या. या रंगभूमीचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला पहिले साधन तेच मिळेल.